मत्सराचे अभिवाचन : शिरोडा, जून-जुलै २०२५ च्या प्रकल्प नोंदी

८ जून, रविवार

आज आराखडा ठरला. ९० मिनिटांचे अभिवाचन, विषय साहित्यातला मत्सर. पाच वाचक आणि एक निवेदक. जागा देवळाचा सभामंडप. प्रयोग शनिवार, २६ जुलै, संध्याकाळी ७ वाजता; त्यानंतरच्या मंगळवारी नागपंचमी. दशावताराचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, म्हणून पावसाळ्यात त्यातले कलाकार गावातच असतात. पण सध्या तरव्याची (भाताच्या रोपांची) आणि लावणीची घाई आहे, तेव्हा तालमी रात्री ८ च्या आधी नकोत.

शब्दापासूनच सुरुवात करावी लागली. षड्रिपूंत मत्सर सहावा. शब्द एक, पण त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही, हा हेवा. माझ्याकडे आहे ते जाईल, हा संशय. हेव्याला दोन माणसे पुरतात. संशयाला तिसरे माणूस लागतेच, निदान मनात तरी. वाचकांची वाटणी याच हिशेबाने करायची: हेव्याच्या उताऱ्याला दोन वाचक, संशयाच्या उताऱ्याला तीन.

निवडलेले उतारे: विनता आणि कद्रू, कैकेयी आणि मंथरा, मयसभेतला दुर्योधन, देवयानी आणि शर्मिष्ठा, शेक्सपिअरचा ऑथेल्लो, त्याच्याच ‘द विंटर्स टेल’मधला राजा लिऑन्टीज. सहा होतात. एक गळणार हे आजच दिसते आहे, पण कोणता ते तालमीत कळेल.

११ जून, बुधवार

संहितेचे हक्क आधी पाहिले, कारण नेमके हेच शेवटच्या आठवड्यात आठवते. देवयानीसाठी सगळ्यांच्या तोंडी पहिले नाव आले ते वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’चे. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, त्यामुळे इथे ते नाव येणे साहजिक आहे. पण ती कादंबरी १९५९ ची आणि खांडेकर गेले १९७६ साली. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. जाहीर वाचनाला लेखी परवानगी लागेल आणि दीड महिन्यात ती मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून देवयानी थेट आदिपर्वातून घ्यायची, मराठी आपले.

ऑथेल्लोच्या बाबतीत ही अडचण नाही. गो. ब. देवल १९१६ साली वारले, त्यांचे ‘झुंझारराव’ (१८९०) सर्वांना खुले आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे मराठी ‘ऑथेल्लो’ तर १८६७ चे. तरीही भाषांतर नवे करायचे ठरले. देवलांनी नाटक इथल्या मातीत आणले आहे, आपल्याला मूळची ओळ न् ओळ तपासायची आहे. खुणांच्या पद्धतीत रूपांतर चालत नाही. पद्धत पुढच्या नोंदीत.

महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सित आवृत्ती (अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ). रामायणासाठी वाल्मीकींचे अयोध्याकांड.

१५ जून, रविवार

तीन पेन्सिलींचे काम सुरू केले. प्रत्येक उताऱ्याच्या दोन प्रती काढायच्या. एक कोरी ठेवायची. दुसरीवर मत्सरग्रस्त पात्राच्या प्रत्येक दाव्याला खूण:

निळी – त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलेले.
हिरवी – दुसऱ्याने सांगितलेले.
लाल – त्याने स्वतः घातलेली भर.

खुणा दोघांनी वेगवेगळ्या करायच्या आणि मग ताडून पाहायच्या. एकट्याने केल्या की मन आवडत्या पात्राला सवलत देते. लालच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी निळी होऊन बसते. जिथे दोघांच्या खुणा जुळत नाहीत ती वाक्ये बाजूला लिहून ठेवायची. वाचताना खरा कस तिथेच लागतो, असे पहिल्याच दिवशी दिसले.

घरे उद्ध्वस्त होतात ती निळ्या ओळींमुळे नाही. निळ्या ओळी प्रत्येक उताऱ्यात थोड्या आणि बहुधा क्षुल्लक: एक हसू, एक रुमाल, घाईने निघून गेलेला एक माणूस. नाश होतो तो पाहिलेले पुन्हा सांगताना. आपले अभिवाचन म्हणजे सांगणेच आहे, तेव्हा ही जागा ऐकणाऱ्यांना कानाने कळली पाहिजे. सगळी मांडणी याच एका गोष्टीभोवती करायची.

१९ जून, गुरुवार

दुर्योधन. आजचे सगळे दोन तास यात गेले आणि ते सार्थकी लागले.

सभापर्वात मयसभेचा प्रसंग दोनदा येतो. एकदा कथा सांगणारा सांगतो, आणि काही अध्याय पुढे दुर्योधन स्वतः धृतराष्ट्राला सांगतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून खुणा केल्या.

कथनात असे आहे: स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून तो वस्त्र वर धरतो. मग खऱ्या पाण्याला जमीन समजून त्यात पडतो. नोकर हसतात. युधिष्ठिराच्या आज्ञेने कोरडी वस्त्रे येतात. भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात. पुढे स्फटिकाच्या बंद दाराला उघडे समजून डोके आपटते. या सगळ्यात द्रौपदी कुठेही नाही. कृष्ण तर त्याआधीच द्वारकेला निघून गेला, असे कथनातच सांगितले आहे.

दुर्योधन बापाला सांगतो तेव्हा मात्र कृष्ण अर्जुनाबरोबर मोठ्याने हसलेला असतो आणि द्रौपदी बायकांसह हसलेली असते. ‘माझ्या मनाला व्यथा देत’ असे तिच्याविषयी तो खास जोडतो. दोन्ही लाल ओळी. पुढे भर सभेत तिची जी विटंबना झाली, तिचे बी या एका लाल ओळीत आहे. तो ती जाणूनबुजून खोटी सांगत असेल असे संहितेवरून वाटत नाही. पाण्यात पडलेल्या माणसाला सगळे जग हसताना दिसते, तसे त्याला दिसले असावे. वाचताना हीच बाजू धरायची.

त्याच्या तक्रारीतली दुसरी गोष्ट म्हणजे यादी. राजसूयाला कोणी काय काय नजराणे आणले हे तो बापापुढे अध्यायामागून अध्याय मोजतो: घोडे, उंट, हत्ती, वस्त्रे, सोने, दासी. हेवा हिशेबात पक्का असतो. पूर्ण यादी वाचली तर २० मिनिटे जातील. बारा नजराणे ठेवले. फारच कमी केले तर यादी वाटतच नाही; चौदाव्याला ऐकणाऱ्याचे लक्ष सुटते. वाचकाने यादी भरभर उरकू नये, प्रत्येक वस्तू जणू समोर आहे आणि हातातून निसटते आहे अशी उच्चारावी. आवाज चढवायचा नाही.

वेळ: १६ मिनिटे.

२२ जून, रविवार

दुर्योधनासाठी दशावतारात राजपार्ट (राजाची भूमिका) करणारे ज्येष्ठ कलाकार आले. आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत विनामाईक जातो. अडचण वेगळीच निघाली. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यानाचा सांगाडा ठरतो आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या होतात. त्यामुळे कागद हातात असूनही तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या तोंडून ते प्रसिद्ध वाक्य आलेच: आंधळ्याचा मुलगा आंधळाच, असे द्रौपदी म्हणाली.

हे वाक्य चिकित्सित आवृत्तीत नाही. कथनात नाही आणि दुर्योधनाच्या तक्रारीतही नाही. म्हणजे दुर्योधनाने तिचे हसू जोडले आणि नंतरच्या सांगणाऱ्यांनी तिच्या तोंडी शब्द घातले. अनेक पिढ्यांनी मिळून घातलेली ही भर आहे. आजही बहुतेकांना युद्धाचे कारण विचारले तर हेच वाक्य सांगतात, म्हणजे दोष तिच्याच पदरात.

चर्चा झाली. ‘पण ता लोकांका होया आसता,’ असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरेच आहे. ते वाक्य आले नाही तर लोक वाट पाहत राहतील. ठरले ते असे: वाक्य उताऱ्यात घ्यायचे नाही, पण दुर्योधनाचे बोलणे संपल्यावर निवेदकाने दोन वाक्यांत सांगायचे की तुम्ही ज्या वाक्याची वाट पाहत होता ते मुळात नाही. त्यांनाही हे पटले. त्यांच्यासाठी संहिता पाठ करण्याऐवजी मुद्द्यांची चिठ्ठी केली, ११ मुद्दे, आणि द्रौपदीच्या ओळीला लाल चौकट. उत्स्फूर्त बोलणाऱ्याला पूर्ण वाक्यांत बांधले की आवाज आखडतो.

२९ जून, रविवार

विनता, ८ मिनिटे. कार्यक्रमाची सुरुवात हिने. दोघी सवती; कद्रूला हजार अंडी, विनतेला दोन. पाचशे वर्षांनी कद्रूची हजार मुले बाहेर आली, विनतेची दोन अंडी तशीच. तिने एक फोडले. आतला मुलगा वरच्या अर्ध्या अंगाने घडलेला, खालचे अंग कच्चे. तोच अरुण. तो आईला शाप देतो: जिच्याशी बरोबरी करायला गेलीस तिची पाचशे वर्षे दासी होशील. दुसऱ्या अंड्याला हात लावला नाहीस तर त्यातला मुलगा तुला सोडवील. तो गरुड.

इथे लाल ओळ एकही नाही. तिने पाहिले ते खरे होते. चुकली ती फक्त वेळेत. मत्सराने दुसऱ्याचे काहीच बिघडले नाही, स्वतःचे अर्धे राहिलेले मूल हातात आले. इतक्या थोड्या जागेत इतके सांगणारी दुसरी गोष्ट या सहा उताऱ्यांत नाही.

अंडे फुटण्याचा आवाज करून पाहिला. खरे अंडे माईकजवळ फोडले तर आवाज ओला आणि मऊ येतो, काही कळत नाही. करवंटी लाकडासारखी वाजते. पातळ पणती दोन अंगठ्यांनी दाबून मोडली तर आवाज बरोबर, पण मुलांना हसू येते आणि पुढचे वाक्य बुडते. शेवटी आवाज काढून टाकला. ‘तिने एक फोडले’ एवढे म्हणून तीन सेकंद थांबायचे.

३ जुलै, गुरुवार

कैकेयी-मंथरा, १४ मिनिटे. राज्याभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आनंदते आणि मंथरेला दागिना बक्षीस देते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. राम आणि भरत यांत मला फरक वाटत नाही, असे ती म्हणते. मंथरा दागिना फेकून देते. या जागी जोर हवा, कारण मत्सर कैकेयीच्या मनात आधीपासून होता ही समजूत इथे मोडते.

मंथरेच्या बोलण्याला खुणा करताना पेन्सिल अडकली. ती फारसे खोटे बोलतच नाही. अभिषेक उद्या आहे, खरे. भरत आजोळी आहे, खरे. तू सौभाग्याच्या तोऱ्यात कौसल्येला तुच्छ लेखलेस, हे कैकेयीही नाकारत नाही. मग भर कुठे आहे? क्रियापदाच्या काळात. कैकेयीची वाक्ये वर्तमानातली, मंथरेची भविष्यातली: कौसल्या सूड घेईल, तू दासी होशील, भरताला हाकलतील. घडले ते थोडे आणि घडेल ते खूप. वाचकाला सांगितले की ‘घेईल’, ‘होशील’ ही टोके गिळू नका, वाक्याचा शेवट पूर्ण ऐकू आला पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि दमलेला वाचक नेमके तेच खातो.

दोन वर आणि चौदा वर्षांचा वनवास सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे उतारा वर मागण्याआधीच थांबवला.

६ जुलै, रविवार

आषाढी. तालीम नाही.

९ जुलै, बुधवार

ऑथेल्लो, तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लोचा बायकोवर पूर्ण विश्वास आहे, संपतो तेव्हा तो तिला मारण्याची शपथ घेतो. एकाच प्रवेशात. मूळ वाचायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागते. १९ मिनिटांवर आणला.

खुणा: ऑथेल्लोने स्वतः पाहिलेले, म्हणजे निळे, या प्रवेशात फक्त तीन. त्याचा लेफ्टनंट कॅसिओ लगबगीने निघून गेला. बायको डेस्डिमोना कॅसिओसाठी रदबदली करते. रुमाल पडला. कॅसिओ निघून जातो याचे कारण साधे आहे: दारू पिऊन मारामारी केल्याने त्याची नोकरी गेली आहे आणि साहेबाला तोंड दाखवायची त्याला लाज वाटते.

ऑथेल्लोच्या कानात संशय ओततो तो इयागो. त्याच्या ओळींत सर्वांत कठीण जागा ही, बोलणे कॅसिओविषयी:

ऑथेल्लो : तो प्रामाणिक नाही का?
इयागो : प्रामाणिक, सरकार?
ऑथेल्लो : प्रामाणिक! हो, प्रामाणिक.
इयागो : माझ्या माहितीप्रमाणे तरी, सरकार.
ऑथेल्लो : तुझ्या मनात काय आहे?
इयागो : मनात, सरकार?

पहिल्या तालमीत वाचकाने ‘प्रामाणिक’ला खलनायकी हेल दिला. लगेच ऑथेल्लो मूर्ख वाटायला लागला. हे आपल्याला कळते तर त्याला कसे कळत नाही? इयागोला नाटकातले सगळे ‘प्रामाणिक इयागो’ म्हणतात, तर तो ऐकायलाही प्रामाणिकच वाटला पाहिजे. उपाय: शब्दाच्या शेवटी सूर वर न नेता खाली ठेवायचा, आणि शब्दाआधी एक श्वास घ्यायचा. नावडते सांगावे लागते आहे असा माणूस जसा बोलतो तसे. चौथ्या वाचनात जमले आणि खोलीत कोणी हलले नाही.

कॅसिओच्या स्वप्नाची जागा. दाढदुखीने झोप येत नव्हती, तेव्हा शेजारी झोपलेला कॅसिओ स्वप्नात डेस्डिमोनाचे नाव घेत होता, असे इयागो सांगतो. ऑथेल्लो भडकतो तेव्हा इयागोच मागे सरतो: पण ते नुसते स्वप्न होते, सरकार. आणि ऑथेल्लो म्हणतो, स्वप्न असले तरी घडल्याशिवाय पडणार नाही. इथे हिरवी ओळ संपते आणि लाल सुरू होते. यापुढे इयागोला ढकलावे लागत नाही. दोन्ही वाचकांनी या ओळीला खुर्च्या थोड्या हलवायच्या: इयागो मागे, ऑथेल्लो पुढे. चार इंच पुरतात.

आता रुमाल. ऑथेल्लो म्हणतो, डोके दुखते आहे. ती आपल्या रुमालाने त्याचे कपाळ बांधायला जाते. रुमाल लहान आहे असे म्हणत तो तो दूर करतो, रुमाल खाली पडतो, आणि तो म्हणतो, राहू दे. मूळ इंग्रजीत हे ‘राहू दे’ रुमालाला उद्देशून की डोकेदुखीला, हे उघड नाही. मराठीत कर्ता गाळता येतो, त्यामुळे संदिग्धपणा आयताच टिकला. भाषांतरात एवढे सुख क्वचित मिळते. ज्या पुराव्यावर तो पुढे तिचा जीव घेतो, तो त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच कपाळावरून पडला. निळी ओळ होती, पण ती त्याच्या लक्षात राहिली नाही.

रुमालाची हकिगतही तो दोनदा सांगतो आणि दोनदा वेगळी. तिसऱ्या अंकात तो एका इजिप्शियन जादूगारणीने त्याच्या आईला दिलेला असतो, दोनशे वर्षांच्या भविष्यवादिनीने विणलेला. पाचव्या अंकात तो त्याच्या बापाने आईला दिलेली जुनी खूण असतो. दुर्योधनाच्या दोन कागदांसारखेच. दोन्ही ओळी ठेवल्या.

नक्षी स्ट्रॉबेरीची आहे. रातांबे करावे अशी सूचना आली होती, घेतली नाही. व्हेनिसची गोष्ट व्हेनिसचीच राहू दे.

खरा रुमाल हातात घ्यायचा नाही. बारा इंची पांढरा सुती रुमाल घेऊन पाहिला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर खिळतात आणि शब्द ऐकू येत नाहीत.

१३ जुलै, रविवार

चौथ्या अंकातला लपून पाहण्याचा प्रसंग. कॅसिओ आपल्या मैत्रिणीविषयी, बियांकाविषयी, हसत बोलतो आणि दूर उभ्या ऑथेल्लोला वाटते की हसणे डेस्डिमोनाविषयी आहे. रंगमंचावर हे डोळ्यांना दिसते, अभिवाचनात नाही. तीन पद्धती करून पाहिल्या. चालली ती अशी: कॅसिओ-इयागो संभाषण आधी एकदा साधे, पूर्ण वाचायचे. मग तेच पुन्हा, पण कॅसिओने माईकपासून दोन फूट मागे सरकून शब्द पुटपुटायचे आणि हसू मात्र माईकजवळ येऊन हसायचे. ऑथेल्लोच्या ओळी दुसऱ्या माईकवर. ऐकणाऱ्याला दोन्ही माहीत असते: काय बोलणे झाले आणि काय पोचले.

आज जोराचा पाऊस होता. मंडपाचा मुख्य भाग कौलारू आहे, पण पुढच्या पडवीला पत्रा. पत्र्यावर सर आली की पहिल्या तीन रांगांनाही काही ऐकू जात नाही. व्यासपीठ पडवीतून आत, गाभाऱ्याच्या बाजूला हलवले. लाउडस्पीकर दोनऐवजी चार, आवाज कमी, प्रत्येक खांबाशी एक. दोन मोठे लावून आवाज वाढवला तर दगडी भिंतींत घुमतो आणि ‘घेईल’ची ‘ईल’ पुन्हा बुडते.

खाऱ्या हवेने दोन माईकच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, त्यामुळे खरखर. बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसल्या. प्रयोगापर्यंत माईक तांदळाच्या डब्यात.

१६ जुलै, बुधवार

लिऑन्टीज गळला. त्याच्या कानात विष ओतणारे कोणी नाही. तोच बायकोला सांगतो की माझ्या मित्राला आणखी राहायचा आग्रह कर, ती करते, तो मित्र मान्य करतो, आणि तिथेच संशय पेटतो. पान सबंध लाल. देवाचा कौलही तो खोटा ठरवतो, आणि त्याच क्षणी मुलगा गेल्याची बातमी येते. साहित्य म्हणून अस्सल, पण ऑथेल्लोच्या शेजारी ठेवला की ऐकणारे त्याला वेडा म्हणून सोडून देतात. त्याला एकट्याला तासभर हवा.

त्याचा एकच दृष्टान्त निवेदनात ठेवला: पेल्यात कोळी असेल आणि प्यायलेल्याने तो पाहिला नसेल तर विष बाधत नाही, पाहिला की उलट्या सुरू. लिऑन्टीज म्हणतो, मी प्यालो, आणि मी कोळी पाहिला. पेल्यात कोळी नव्हताच.

१९ जुलै, शनिवार

देवयानी, १२ मिनिटे. ही सवतीमत्सराची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण सुरुवात वस्त्रांपासून आहे. वाऱ्याने काठावरची वस्त्रे एकत्र झाली, शर्मिष्ठेने चुकून देवयानीचे नेसले, शब्दाला शब्द वाढला, देवयानी विहिरीत. राजा ययाती, पुढे तिचा नवरा, तिला हात देऊन वर काढतो. मग देवयानीची मागणी: शर्मिष्ठा हजार दासींसह माझी दासी.

खुणांच्या दृष्टीने हा उतारा आपल्या मांडणीच्या उलट जातो, आणि म्हणूनच ठेवला. इथे संशय खरा निघतो. बागेत शर्मिष्ठेची तीन मुले खेळत असतात, देवयानी त्यांना बापाचे नाव विचारते, ती बोट दाखवतात ययातीकडे. पान सबंध निळे. तरीही शेवट राखच. देवयानीचे वडील शुक्राचार्य यांच्या शापाने ययाती म्हातारा होतो, म्हातारपण घ्यायला देवयानीची मुले यदू आणि तुर्वसू नकार देतात, शर्मिष्ठेचा पुरू घेतो आणि राज्य त्याला जाते. पुरावा खरा होता, न्याय मिळाला, आणि राज्य गेले ते तिच्याच मुलांचे. निवेदकाने यावर काही भाष्य करू नये. नुसती नावे क्रमाने सांगावी.

मुलांच्या बोट दाखवण्याला आवाज नाही. त्या जागी निवेदकाचे एक वाक्य, मग लगेच देवयानीची ओळ. मध्ये थांबायचे नाही. तिच्या मनात तरी कुठे थांबायला जागा होती?

२३ जुलै, बुधवार

रंगीत तालीम. घड्याळ लावून: विनता ८, कैकेयी १४, दुर्योधन १७, देवयानी १२, ऑथेल्लो ३१ (तिसरा अंक १९, चौथा ५, पाचवा ७), निवेदन ९. एकूण ९१. दुर्योधनाचे मिनिट वाढले ते नजराण्यांत. तीन कमी केले.

संहिता: ए-४ कागद, एका बाजूला छपाई, अक्षर १६ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर. साधा कागद या दमट हवेत मऊ पडतो आणि दोन पाने एकदम उलटली जातात, म्हणून जाड १०० जीएसएमचा. प्लास्टिकच्या पिशव्यांत पाने घालू नयेत: माईकमध्ये चुरचुर येते आणि दिव्याची तिरीप डोळ्यांवर. पिना नाहीत, सुटी पाने, वरच्या कोपऱ्यात ठळक आकडा. वाचलेले पान शेजारी सरकवायचे, उलटायचे नाही.

दिवा प्रत्येक स्टँडला वेगळा, बॅटरीवर चालणारा. वीज जाईल असे धरूनच चालावे.

२६ जुलै, शनिवार

प्रयोग. सतरंज्या भरल्या, काही मंडळी पडवीत उभी.

७ वाजून १७ मिनिटांनी वीज गेली, कैकेयी सुरू असताना. दिवे होते, माईक नव्हते. थांबले नाही. मंथरेच्या वाचकाने आवाज वाढवण्याऐवजी कैकेयीकडे वळून हळू वाचले, पुढच्या रांगा वाकल्या, मागचे उठून पुढे येऊन बसले. चार मिनिटांनी वीज आली. तो भाग आजचा सर्वांत चांगला गेला. कानाशी लागून बोलणे लाउडस्पीकरमधून येऊ नये, हे आधी सुचायला हवे होते.

द्रौपदीच्या वाक्याविषयीचे निवेदन आले तेव्हा मंडपात कुजबुज, आणि नंतर बायकांच्या बाजूने टाळ्या. ही टाळी अपेक्षित नव्हती. पुढच्या उताऱ्याआधी दहा सेकंद ठेवायला हवीत.

रुमालाच्या जागी एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘एका रुमालासाठी बायलेक मारल्यान?’ कोणी हसले नाही.

२८ जुलै, सोमवार

वेंगुर्ल्याच्या प्रयोगाआधी करायच्या दुरुस्त्या.

कैकेयी माईकशिवाय. त्यासाठी दोघींना व्यासपीठाच्या पुढच्या कडेला बसवायचे, सतरंजीपासून तीन फुटांवर. पाऊस असेल तर नाइलाजाने एकच माईक, दोघींच्या मध्ये.

निवेदनात देवलांविषयी एक मिनिट वाढवायचे. ‘झुंझारराव’ लिहिणाऱ्याच लेखणीने ‘संशयकल्लोळ’ लिहिले. तिथे रुमालाऐवजी तसबीर आहे. रेवतीच्या हातून पडते, कृत्तिकेला मिळते, तिचा नवरा फाल्गुनराव पाहतो. वस्तू तितकीच क्षुल्लक, संशय तितकाच बेफाम. पण तिथे सगळी माणसे अखेर समोरासमोर येतात आणि प्रत्येक जण आपण काय पाहिले ते सांगतो. म्हणून लोक हसत घरी जातात. हे मिनिट ऑथेल्लोच्या आधी नको, चौथ्या आणि पाचव्या अंकाच्या मध्ये.

पाचव्या अंकातली चूक मोठी होती आणि ती छपाईची होती. डेस्डिमोना मरण्याआधी सांगते: रुमाल त्याला सापडला असेल, मी दिला नाही, त्यालाच बोलावून विचारा. ऑथेल्लो विचारत नाही. ती गेल्यावर, शेवटच्या पानांवर, तो कॅसिओला विचारतो: माझ्या बायकोचा रुमाल तुझ्याकडे कसा आला? सबंध नाटकात कॅसिओला हा प्रश्न तो याआधी एकदाही विचारत नाही. उत्तर चार शब्दांचे आहे: माझ्या खोलीत सापडला मला.

परवा प्रश्न ३१ व्या पानाच्या तळाशी होता आणि उत्तर ३२ व्या पानाच्या डोक्यावर. मध्ये पान सरकवल्याची खसखस माईकमध्ये गेली आणि उत्तर त्यात बुडाले. नव्या छपाईत दोन्ही ओळी ३२ व्या पानाच्या मधोमध घ्यायच्या, वर-खाली दोन ओळींची मोकळी जागा. प्रश्नानंतर कॅसिओच्या वाचकाने लगेच बोलायचे, कारण त्याला लपवायचे काही नाही. उत्तरानंतर चार सेकंद कोणीही कागदाला हात लावायचा नाही.